तिला आत मी बोलावलं होतं

ती हवेत भाकर थापायची. माझ्या अंगणाच्या कडेला उभी राहून रिकामे तळवे गोल फिरवायची. "दाबू नोका, मास्तर. फिरवा!" आत परातीपुढे बसून मी तिच्या हातांकडे बघत थापायचो. माझी भाकर फाटायची.

स्वातंत्र्याला पाच-सहा वर्षं झाली होती. मी रिठदला नवा मास्तर, एकटा. गावात खानावळ नव्हती. पंधरा दिवस फुटाणे-गुळावर काढले, पोट बिघडलं, नोकरी सोडून घरी पळायची वेळ आली. तेव्हा शाळेचं अंगण झाडणाऱ्या या विधवेला माझी दया आली. तिच्या जातीला कुणाचाही उंबरठा ओलांडायची मुभा नव्हती. म्हणून सगळा स्वयंपाक तिने मला बाहेरूनच शिकवला, नाकाने आणि कानाने.

"मोहरी गप हाय अजून. घाई कायले करता?"

"वास आला, मास्तर. पलटा!"

मूठभर डाळीत बांधावरची घोळाची भाजी, पातळ बेसन, ज्वारीच्या कण्या. गरिबाचं जेवण. "बायको आली का म्हनन, मले नवरा भेटला का सासू?" असं म्हणून स्वतःच हसायची.

फाटलेली भाकर मी तिला द्यायचो. हात लागू नये म्हणून वरून पदरात सोडायचो. तुमच्यापैकी म्हाताऱ्यांनी हे पाहिलं असेल; काहींनी केलंही असेल.

पावसाळ्यात मला ताप भरला. तीन दिवस चूल पेटली नाही. चौथ्या सकाळी ती बाहेरून म्हणाली, "मास्तर, धूर काहून नाई?"

"उठवत नाही. आत या."

"नोको बाप्पा. तुमालेच तरास होईन."

"या हो. मरतो मी."

ती आली. चूल पेटवली, मडक्यात कण्या शिजवल्या, मीठ घालून मला भरवल्या. ती बाहेर पडत होती, तेव्हा घरमालकाने तिला पाहिलं.

दुपारी शाळेच्या ओट्यावर चार माणसं बसली. मला धरून नेलं. ती खाली उभी होती.

"मास्तर, तुमी बोलावलं इले?"

अस्पृश्यता हा गुन्हा आहे, हे त्याच ओट्यामागच्या वर्गात मी मुलांना शिकवलं होतं. मी म्हणालो, "तापात होतो. मला काही कळलं नाही."

तिने माझ्याकडे एकदा पाहिलं. मग त्यांना म्हणाली, "मास्तरनं नाई बोलावलं. मीच शिरली."

तिचं झाडणं बंद झालं. गावाने तिला दाणा द्यायचा नाही, असं ठरलं. मला खोली ठेवायची असेल, तर तिचा हात लागलेलं मडकं फोडायचं होतं. मी ते स्वतःच्या हाताने अंगणात आपटलं.

आज ऐंशी ओलांडल्यावर लिहून ठेवतो: तिला मी बोलावलं होतं. दोनदा.

त्याच संध्याकाळी ती रिसोडच्या वाटेने गेली. कुठे, ते मी विचारलं नाही. पण मडकं फुटलं तेव्हा ती रस्त्यावर बोचकं घेऊन उभी होती. खापरांतून कण्या चिखलात सांडल्या होत्या.

"अर्धं मडकं होतं अजून," ती हळूच म्हणाली. "आता रातच्याले काय खासान, मास्तर?"