उलटा शिकवलेला नाच

नाच शिकवताना मी समोर तोंड करून उभी राहते. पुढ्यात बालवाडीतली पोरं असोत, लग्नाआधी आठवडाभर घाम गाळणारं वऱ्हाड असो की सकाळच्या बॅचमधल्या आजीबाई असोत, मी "उजवा" म्हणते आणि स्वतः डावा हात उचलते. शिकणाऱ्याला मी आरशासारखी दिसते, त्यामुळे त्याचा गोंधळ होत नाही. गोंधळ माझा होतो. इतक्या वर्षांत माझं उजवं-डावं कायमचं बिघडलं आहे. ऑटोवाल्याला मी उजवीकडे सांगते आणि हात डावीकडे करते.

बाभुळगावात आमच्या कॉलनीचं एक सांस्कृतिक भवन आहे. सकाळची बॅच तिथे चालायची, सगळ्या साठीपुढच्या. आत गुळगुळीत फरशी, खिडक्या मोठ्या, टेकायला प्लॅस्टिकच्या खुर्च्या. पावलांना इंग्रजी नावं दिली तर या बायका दुसऱ्या दिवशी विसरतात, म्हणून मी त्यांच्या कामांचीच नावं दिली. हात वरखाली झटकायचे ती "पाखड". कमरेत वाकून दोन्ही बाजूंनी हात पोटाशी आणायचे ती "ओटी", कारण कापूस वेचताना याच हातांनी त्यांनी पदराची ओटी भरली होती. "ओटी, ओटी, मग पाखड" म्हटलं की सगळी ओळ बरोबर हलायची.

त्यांच्यात सगळ्यात वयस्क होती ती खुब्याचं हाड मोडून बरी झालेली आजी. आली तेव्हा डाव्या पायावर भार टाकायला घाबरायची. खुर्चीची पाठ धरून उभी करण्यापासून मी सुरुवात केली. दिवाळीच्या सुमाराला तिने खुर्ची सोडली. त्या दिवशी सगळ्यांना तिने घरून आणलेला चिवडा खाऊ घातला.

आणि एका सकाळी भवनाला कुलूप होतं.

कॉलनीचे अध्यक्ष भवनासमोरच राहतात. त्यांचं कृषी केंद्र आहे, बी-बियाणं आणि औषधांचं. ते ओट्यावर चहा पीत बसले होते. मी चावी मागितली.

"भवन कार्यक्रमासाठी हाय, मॅडम," ते म्हणाले. "म्हाताऱ्या नाचवायले नाई."

"गेल्या वर्षी तुम्हीच परवानगी दिली होती, भाऊ."

"मले वाटलं योगा-बिगा करून राह्यले. हे तं कमरा हालवून राह्यले. लोक हासतेत. यायच्या घरच्यायले लाज वाटत नाई का?"

हे ते माझ्याशी बोलले असते तर मी ऐकून घेतलं असतं. पण माझ्या मागे सगळ्या बायका उभ्या होत्या. खुब्याच्या आजीने पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि घरी निघाली. कुणाचा हात धरला नाही. दुसऱ्या दिवसापासून ती आलीच नाही. तिच्या सुनेने सांगितलं, "माय बाजेवरच असते दिवसभर. पुन्हा काठी मांगते."

त्या काठीचा राग मी सोडलेला नाही.

बॅच मी बुद्ध विहाराच्या आवारात हलवली. आमच्यातल्या दोघी तिथल्याच, त्यांनी विचारून जागा मिळवली. मन मोठं होतं त्या लोकांचं, पण आवारात सिमेंटचे गट्टू होते. त्यांच्या सांध्यांत टाच अडकायची आणि थंडीत गुडघे ठणकायचे. मला भवन परत हवं होतं, खुब्याच्या आजीसह. आणि खरं सांगायचं तर तेवढ्यावर माझं समाधान होणार नव्हतं, अध्यक्षांचंही चारचौघांत हसं झालेलं मला पाहायचं होतं.

तुळशीचं लग्न झाल्यावर अध्यक्षांच्या मुलीचं लग्न निघालं. आता आमच्याकडेही हळदीच्या आधी संगीत असतं आणि त्यात घरच्यांनी नाचायचं असतं. तालुक्यात ते बसवून देणारी मीच. त्यांच्या बायको निरोप घेऊन आल्या, मागोमाग ते स्वतः.

"करते," मी म्हणाले. "पण भवनाची चावी सकाळी आम्हाला द्या."

"लग्न होऊ द्या, मॅडम. मंग पाहू."

हे "मंग पाहू" मी ओळखते. उधारीवर युरिया मागायला आलेल्याला ते हेच सांगतात. तरी मी हो म्हटलं.

मुलगी, तिची आई, मावश्या, चुलतभावंडं रोज संध्याकाळी तालमीला यायची. नाच सोपा होता. घरच्यांची ओळ आधी उजवीकडे जाते, मग डावीकडे, आणि शेवटी सगळे उजवीकडे वळून हात पसरतात. तिकडून नवरी येते. अध्यक्ष एकाही तालमीला आले नाहीत.

"बायायच्या लायनीत मी उभा राहू काय?" त्यांनी फोनवर विचारलं. "तुमी व्हिडिओ पाठवा, दुकानात पाहून पाहून करतो. अन् मले समोर ठेवा. एकटा. पोरीचा बाप हाय मी."

सगळ्यांच्या पुढे एकटा उभा राहणारा मागची ओळ पाहू शकत नाही. एरवी मी हे समजावून सांगितलं असतं. मी म्हणाले, "जसं तुम्ही म्हणाल तसं."

मग मी व्हिडिओ काढला. समोरून, न बोलता, फक्त गाण्यावर. आणि या एकाच वेळी आरसा झाले नाही. उजवीकडे जायचं तिथे मी माझ्या उजवीकडे गेले. मोबाइलमध्ये पाहून करणाऱ्याला ते डावं दिसणार होतं. हे करायला मला फार कष्ट पडले, कारण अंग ऐकत नव्हतं. पुन्हा पुन्हा काढावा लागला. जो सगळ्यात स्वच्छ आला तो पाठवला.

त्यांनी मेहनत घेतली, हे मान्य करते. दुकानातला माणूस सांगायचा की शेठ खताच्या थप्पीमागे मोबाइल टेकवून नाचून राह्यले.

संगीताच्या संध्याकाळी लॉन भरलं होतं. नवरदेवाकडचे राळेगावहून आले होते. बॅचमधल्याही काही जणी बोलावल्या होत्या, त्या मागे खुर्च्यांवर बसल्या. गाणं सुरू झालं. ओळ उजवीकडे गेली, अध्यक्ष डावीकडे. ओळ डावीकडे आली, अध्यक्ष उजवीकडे. चेहऱ्यावर पूर्ण आत्मविश्वास, कारण पाठ त्यांनी चोख केलं होतं. लोक हसायला लागले तेव्हा त्यांना वाटलं, कौतुक होतंय. त्यांनी हात आणखी मोठे फेकले.

शेवट आला. घरचे उजवीकडे वळले, नवरी आली. अध्यक्ष डावीकडे तोंड करून, दोन्ही हात पसरून, डोळे भरून उभे होते. त्यांच्यासमोर पाण्याचा जार भरणारा केटरिंगचा माणूस होता. तो बिचारा दोन्ही बाजूंना पाहायला लागला. नवरी हसत हसत धावत गेली आणि पाठीमागून बापाला बिलगली. तिला वाटलं असावं, बाबांनी गंमत केली. तिचं काही बिघडणार नाही, एवढं मी आधीच पाहून ठेवलं होतं.

मी मनसोक्त टाळ्या वाजवल्या.

दोन दिवसांनी, शूटिंग पाहून झाल्यावर, ते घरी आले. बसले नाहीत.

"तुमी मले उलटं शिकवलं."

"तालमीला आला असतात तर सुलटं आलं असतं."

"मुद्दाम केलं काय?"

"हो."

ते दाराकडे वळले. "भवन विसरा आता," एवढं म्हणून गेले. भवन गेलं, हे मला कळलं. त्या रात्री झोप मात्र छान लागली.

पण विहाराच्या आवारात गोष्ट पोचली होती. बॅचमधल्या एकीने खुब्याच्या आजीला घरी जाऊन सगळं सांगितलं, आणि ती आजी काठी टेकत हजर झाली.

"कसा नाचला तो? मले करून दाखव, माय."

मी दाखवलं. डाव्या पायावर सगळा भार, हात पसरलेले, नजर रिकाम्या जागेकडे. आजीने काठी शेजारणीला दिली आणि केलं. हाच भार टाकायला ती घाबरायची. हसण्याच्या नादात तिने पुन्हा पुन्हा टाकला. त्या पावलाला नाव पडायला वेळ लागला नाही. "ओटी, पाखड, अध्यक्ष." आठवडी बाजारातही बायका एकमेकींना विचारू लागल्या, "आज अध्यक्ष केला का वं?"

पौष सरत आला तेव्हा एका सकाळी अध्यक्षांच्या बायको आवारात आल्या. हातात भवनाची चावी.

"ते म्हणतेत, चावी ठेवा. रोज या. फक्त ते नाव बंद करा. दुकानात गिऱ्हाइकंबी म्हणून राह्यले."

मला चावी परत करायची होती. त्यांनी स्वतः यावं, सगळ्यांसमोर आपले शब्द मागे घ्यावेत, असं मनात फार होतं. मी बायकांकडे पाहिलं. खुब्याची आजी गट्टूंवर पाय चोळत बसली होती.

"घे ना बाई चावी," ती म्हणाली. "इथं पाय लय ठणकते. नाव काय, दुसरं ठेवू."

मी चावी घेतली आणि नाव बंद करण्याचा शब्द दिला. तो पाळला आहे. आता आम्ही पुन्हा भवनात असतो, आजी खुर्चीशिवाय उभी राहते, आणि त्या पावलाला आम्ही "मान्यवर" म्हणतो. भवनाच्या खिडक्या त्यांच्या ओट्याकडे आहेत. ते चहा घ्यायला बसतात त्या वेळी मी त्या सगळ्या उघडते.