डॉक्टरांच्या वाड्यातली बाई

पेणमधला आमचा वाडा बांधला मिठाच्या एका शेटने. तो राहत होता तोवर लोक त्याला नुसतं ‘नवं घर’ म्हणायचे. शेट विकून गेला, वकील आले, आणि घर झालं ‘शेटचा वाडा’. वकिलांनी पुण्याला बिऱ्हाड हलवलं, डॉक्टर आले, तर ‘वकिलांचा वाडा’. डॉक्टरांनी दारावर हातभर पाटी ठोकली. तरी खाडीकडचे पेशंट बाजारात वकिलांचाच वाडा विचारत यायचे. आमच्या गावाची रीतच उफराटी. माणूस गेल्याशिवाय घराला त्याचं नाव लागत नाय!

मग आम्ही घेतला. मी शाळेत बाई, हे डोलवीला कंपनीत. घर अर्थातच ‘डॉक्टरांचा वाडा’. मी धुसफुसायची. झाडलोट मी करायची, कौलं आम्ही चाळायची, आणि नाव त्यांचं? हे हसायचे. “अगो, आपलं नाव लागत नाय तोवरच बरं हाय.”

हे गेले. लेक बंगळुरूला. शिकवलेली पोरं रस्त्यात वाकून नमस्कार करायची, पण घरी कोण येतंय! घर नुसतं खायला उठायचं. बेल वाजलीच तर डॉक्टरांसाठी. कुणाची कंबर धरलेली, कुणाला थंडीताप. “डॉक्टर हायत का?”

“मेल्यांनो, डॉक्टर जाऊन जमाना झाला!” असं खेकसायची आणि त्यांनाच बसवून चहा पाजायची. माझं मेलीचं तेवढंच बोलणं व्हायचं दिवसभरात. एकदा तरी कुणी दारात येऊन “बाई हायत का?” विचारावं, एवढीच आस होती. कुणी विचारलं नाही.

शेवटी लेकीच्या हट्टापुढे हात टेकले. वाडा विकला आणि रोह्याला, अष्टमी भागातल्या तिच्या रिकाम्या फ्लॅटवर राहायला आले. इथे शेजारी दारं लावून शिफ्टची झोप काढतात.

परवा वाड्याच्या नव्या मालकिणीचा फोन आला.

“बाई, आज एक म्हातारी येऊन गेली. बाजारभर ‘बाईंचा वाडा कुठला’ विचारत आलेली.”

“कुणाकडे आली होती?”

“तुमच्याकडेच. ‘बाई हायत का’ म्हणाली.”

“मग?”

“तुम्ही आता इथे राहत नाही म्हटल्यावर गेली परत. नाव विचारायचं राहिलंच बघा.”