लिंबाला नंबर

आता हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, शेवटी जमेल असं वाटत नाही. गाढवपणाला बक्षीस असतं ना, तर ते कुरिअरने माझ्या दारात आलं असतं!

चिखलीत आमच्या वर्कशॉपसमोर, रस्त्याकडेला, दादाने लावलेला कडुलिंब होता. त्याची पोरगी परी जन्मली तेव्हा लावलेला. "परीची पोरं ह्याला झोका बांधतील," म्हणायचा. परी आत्ता कुठे दुसरीत, आणि हा नातवंडं मोजतोय! यंदा उन्हाळ्यात दादा गेला. चाकणहून शिफ्ट करून येताना कंटेनरने उडवला. तेव्हापासून लिंबाला पाणी माझं.

तर एक दिवस दोन माणसं रंगाचा डबा घेऊन आली आणि झाडांवर नंबर टाकत सुटली. म्हटलं, वा! झाडांना आधार कार्ड! आता सरकार सांभाळणार!

पण आमचा लिंब आणि शेजारची आपोआप उगवलेली सुबाभूळ, दोघांना सोडून ती पुढे. माझं डोकंच फिरलं.

"ओ भाऊ! हे का सोडलं?"

"ह्याला नाय टाकायचा."

"का? गरिबाचं झाड म्हणून?"

"तसं नाय राव, ऐक तर..."

ऐकतोय कोण? "माझ्या मेलेल्या भावाचं झाड आहे! नंबर टाकल्याशिवाय हलायचं नाही!"

दुसरा वैतागला. "टाक रे बाबा एक. उन्हात डोकं खातोय हा."

"दोनदा फिरवा ब्रश. पावसात जायला नको!"

वर दोघांना चहा-क्रीमरोल. मी पाजला!

परी शाळेतून आली. "काका, आता ह्याला कोणी हात नाही लावणार?"

"हात? नंबर आहे त्याला!"

पुढच्या आठवड्यात माल पोचवून आलो, तर बाकी सगळी नंबरवाली झाडं आडवी. रस्ता रुंद होणार होता. करवत लिंबापाशीच.

"अहो थांबा! हा नंबर चुकून पडलाय!"

"चुकून? केवढा ठळक आहे, बघ की!"

ठळक असणारच. दोन हात मीच मारून घेतले होते ना!

सुबाभूळ अजून उभी आहे. परी परवा तिच्याकडे बघत राहिली. "काका, हिला का नाही तोडलं?"

काय सांगू पोरीला? हिला काका नव्हता, बाळा.