मानाची मोटार

मोटारीला आंघोळ घालायची नसते, हे मला लग्नात कोणी सांगितलं नव्हतं.

बाकी सगळं सांगून पाठवलं होतं. मामंजींसमोर उभं राहायचं नाही, सासूबाईंना उलट बोलायचं नाही, ह्यांचं नाव घ्यायचं नाही आणि चौथी शिकले आहे हे होता होईल तो कळू द्यायचं नाही. मोटारीचं तेवढं राहून गेलं. त्यात आईची तरी काय चूक? माहेरी आमच्या दिंद्रुडवरून तालुकदारसाहेबांची मोटार एकदाच गेली होती, आणि आम्ही मुली दारात येईपर्यंत नुसती धूळ उरली होती!

सासरी मात्र मोटार चक्क गोठ्यात होती. मामंजींना हौस दांडगी. त्यांनी हैदराबादेहून कोणा साहेबाची जुनी मोटार मागवली. घाटनांदूरच्या स्टेशनात ती मालगाडीतून उतरली आणि घरापर्यंत आपल्या पायांनी आली (म्हणजे निम्मी वाट आपल्या पायांनी, निम्मी वाट आमच्या गड्यांच्या). तिच्यासाठी मोमिनाबादेहून चाँदभाई नावाचा ड्रायव्हर ठेवला. तो सकाळी तिच्या तोंडात लोखंडी हँडल खुपसायचा आणि गरगरा फिरवायचा. मर्जी असली तर ती खोकायची, शिंकायची आणि चालू व्हायची. मर्जी नसली की चाँदभाई घाम पुसत म्हणायचा, "मिजाज हाय इसका. मनाना पडता!"

सासूबाईंच्या लेखी मोटार म्हणजे जनावरच. गोठ्यात राहतं, पाणी पितं, हाकलं की पळतं. धूर सोडतं हे काही जनावराचं लक्षण नव्हे, पण तेवढं त्यांनी मनावर घेतलं नाही. सुटून जाऊ नये म्हणून त्या तिला दावं लावून खुंट्याला बांधायला लावायच्या. चाँदभाईनं एकदा समजावून पाहिलं. सासूबाई म्हणाल्या, "तुजा भरोसा हाय रं बाबा, तिचा न्हाई."

त्या वर्षी उन्हाळ्यात आमचा सोन्या बैल गेला. आमच्या गावी पोळ्याला वेशीवर तोरण बांधतात, आणि त्याखालून पहिलं जनावर जायचं ते देशमुखांचं, म्हणजे आमचं. तो मान मामंजींच्या आजोबांपासूनचा. पण अट अशी, की बैल घरच्या गाईचा पाहिजे. सोन्याच्या मागं आमच्याकडचे बाकीचे बैल बाजारातले, घरचं एक वासरू तेवढं होतं, आणि ते अजून आईच्या मागं पळत होतं.

पोळा जवळ आला तसे मारुतीच्या पारावर पंच बसले. वरच्या आळीचे पाटील मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "देशमुख, औंदा तुमच्या गोठ्यात घरचा बैल न्हाई. मान आमचा."

मामंजींचं डोकं फिरलं. "बैल नसंल, मोटार हाय की! ती बी गोठ्यातच ऱ्हाती!"

पार हसला. पाटील सगळ्यांत जास्त हसले. "आना की मग! पर आपल्या पायानं आली पायजे. वढत न्हाई, ढकलत न्हाई. आन् दिवेलागणीच्या आत न्हाई आली, तर मान आमचा. औंदाच न्हाई, हितनं पुढं दर साली."

पंचांनी माना हलवल्या. मामंजी घरी आले ते खांबाला टेकून बसले. आजोबांपासूनचा मान आपण रागाच्या भरात त्या खोकणाऱ्या मोटारीच्या गळ्यात बांधून आलो, हे त्यांना वाटेत कळलं असावं.

पोळा शुक्रवारी आला. चाँदभाईनं सकाळी मोटार चालू करून पाहिली. पहिल्या झटक्याला सुरू! खूष होऊन तो घाटनांदूरला जुम्म्याच्या नमाजाला निघाला. जाताना तिच्या इंजिनावरचं झाकण उघडंच ठेवलं. "जरा हवा लगने दो उसको," म्हणाला.

हवाच लागायला पाहिजे होती. पण सासूबाई गोठ्यात आल्या.

"अगं, बैलं न्हाली, वासरू न्हालं. आन् हिला कोन पानी घालनार? मानाची हाय न्हवं आज?"

"हो," मी म्हणाले.

"चांगली शिककाई लाव. धुळीनं बघ कशी झालीया."

"हो."

(मी तेव्हा सासूबाईंपुढं 'हो' एवढंच बोलत असे. पुढचं सगळं त्या 'हो'तून झालं.)

मी काम करते ते मनापासून करते. आधी बाहेरून धुतली. नारळाच्या शेंडीनं चाकं घासली. मग उघड्या झाकणातून आत पाहिलं, तर काय काळंकुट्ट! तेल काय, काजळी काय! वरून लखलखीत आणि आत घाण, हे कोणत्याही बाईमाणसाला बघवेल का? मी आत कढत पाणी ओतलं. घागरीमागून घागर! तारांच्या बेचक्यांत चिंधी फिरवली. पांढऱ्या चिनीमातीच्या काही खुंट्या होत्या, त्या दागिन्यांसारख्या शिककाईनं धुतल्या. इंजिन आतून इतकं स्वच्छ विलायतेत तरी कोणी पाहिलं असेल का!

एवढ्यावर थांबायचं ना? पण आदल्या दिवशी बैलांची खांदमळणी झाली होती आणि मोटारीची राहून गेली होती. बैलाच्या खांद्यावर जू बसतं, सगळा जोर तिथं लागतो, म्हणून तिथं हळद-लोणी चोळायचं. मोटारीचा जोर कुठं लागत असेल? मी चौथी शिकलेली! विचार केला आणि ठरवलं, आतच लागत असणार. मग त्या खुंट्यांना आणि तारांना लोण्याचा गोळा चोळला. उरलं ते हँडलाला.

सासूबाईंनी गालांवरून बोटं मोडली. "आता कशी नवरीवानी दिसतीया बघ!"

दुपारी चाँदभाई अत्तर लावून आला. मोटारीच्या गळ्यातली झेंडूची माळ पाहून हसला, हँडल खुपसलं, जोरात फिरवलं, आणि हात सटकन निसटून तो मागच्या मागं शेणाच्या पाटीत बसला! मनगट मुरगळलं ते मुरगळलंच.

"या अल्ला! हँडल को क्या लगाया जी?"

मी खांबाआड गेले.

मग हे पुढं झाले. हँडल पुसलं, धोतराचा काचा मारला, फिरवलं. काही नाही. पुन्हा फिरवलं. मोटार खोकली नाही की शिंकली नाही, नुसती पोट भरल्यासारखी गुडगुडली. ह्यांचा चेहरा झेंडूच्या रंगाचा झाला. तोवर दाराबाहेर निम्मं गाव जमलं होतं आणि प्रत्येकाला मोटारीतलं कळत होतं.

"दृष्ट लागली जनू!"

सासूबाईंनी लगेच माझ्याकडून मीठ-मिरच्या उतरवून घेतल्या. मिरच्यांचा धूर असा झाला, की गडी खोकले, गाय खोकली, चाँदभाई खोकला. खोकली नाही ती एकटी मोटार!

"ढकलू," मामंजी म्हणाले. "हितल्या हितं ढकलू. चालू झाली की मग जाईल आपल्या पायानं."

"बैलं जुंपा की मालक," एक गडी म्हणाला.

"आज?" मामंजी कडाडले. "पोळ्याच्या दिवशी मानेवर जू? येडा का खुळा बे तू?"

तेव्हा बैल झूल पांघरून उभे राहिले आणि माणसं मोटारीला लागली. गड्यांनी पुरणपोळी ताटभर खाल्लेली (घरातले पुरुष मात्र मानाचं जनावर जेवल्यावरच जेवायचे). आवारात दोन फेऱ्या मारल्या आणि गडी ओट्यावर आडवे झाले. मोटार जागच्या जागी. बैल आमच्याकडं असे पाहत होते, की मलाच लाज वाटली.

वेशीवर डफडी वाजायला लागली. पाटलांचा माणूस दारात आला. "पाटील इच्यारत्यात, वाट बघावी, का चालू द्यावं?"

मामंजी गव्हाणीच्या कडेवर बसले आणि सोन्याच्या रिकाम्या खुंट्याकडं पाहत राहिले. इतका मोठा माणूस, पण फेटा उतरवून मांडीवर घेतला होता. 

तेवढ्यात चाँदभाईनं एका हातानं त्या पांढऱ्या खुंट्यांतली एक फिरवून बाहेर काढली. वास घेतला. जिभेला लावली.

"ये तो लोणी हाय!" तो ओरडला. "हळद भी हाय! आन् पानी! बिजली की चीज को किसने न्हलाया?"

आवारातल्या सगळ्या माना खांबाकडं वळल्या. खांब बारीक होता.

"म्या सांगितलं व्हतं," सासूबाई मधे पडल्या. "बैलं न्हात्यात, मग हिनं कावून न्हाऊ न्हाई?"

चाँदभाईनं आभाळाकडं पाहिलं. श्रावणातलं आभाळ, ऊन नावाला नाही. "प्लग गरम करके सुखाना पडेंगा. पर कैसा?"

मला बोलता येत नव्हतं, पण हात मोकळे होते. चाँदभाईनं बाकीच्या खुंट्याही काढल्या, तसे ते सगळे प्लग मी पदरात घेतले आणि स्वयंपाकघरात पळाले. राखेनं घासले, फडक्यानं पुसले आणि चुलीवरच्या तव्यावर टाकले. उलथण्यानं फिरवत होते तोच हे दारात आले.

"अगं, काय भाजतीस?"

"प्लग," मी म्हणाले. लग्नानंतर मी ह्यांच्याशी दिवसाउजेडी बोललेला तो पहिला शब्द!

इकडं सासूबाईंना जोर आला. बाळंतिणीला शेक देतात तसा मोटारीला द्यायचा म्हणून त्या धगधगती शेगडी घेऊनच निघाल्या. ओवासुद्धा टाकला होता! चाँदभाई मुरगळलेल्या हातासकट आडवा पडला. "अम्मा, नक्को! पेट्रोल हाय! मोटार बी जाएंगी, गोठा बी, आपन बी!" शेवटी शेगडी लांब ओट्यावर ठेवली, आणि फडकी शेकून शेकून सासूबाईंनी त्या तारा अशा पुसल्या, की चार बाळंतपणं केलेला हात लगेच कळत होता.

भाजलेले प्लग चाँदभाईनं बसवले. "हँडल भाऊसाब मारेंगे. अंदर कोई बैठके ये खटका खाली दबाके पकडो. छोडना नक्को!"

गडी मागं सरले. मोटारीत बसायची कोणाची छाती होईना. सासूबाईंनी मला पाठीत बोट लावलं. "बस गं तू. न्हाऊ घालताना भ्याली न्हाईस, आता काय भेतीस?"

मी बसले. पदर नाकापर्यंत ओढला, डोळे मिटले आणि तो खटका दोन्ही हातांनी धरला. ह्यांनी हँडल मारलं. एकदा. पुन्हा. आणि मग असा बार उडाला, की गोठ्यातली बैलं उधळायच्या बेतात आली! मागून काळा धूर, पुढून थरथर, ओव्याचा वास, आणि मोटार गरजायला लागली! गड्यांनी आरोळी ठोकली. मामंजींनी फेटा डोक्यावर ठेवला, उलटा.

आणि मोटार निघाली.

ढकलताना सोडलेला ब्रेक पुन्हा कोणी ओढला नव्हता, आणि थंड इंजिन चालू झालं की आपोआप पुढं सरकायचं, ही तिची खोड होती. हे उडी मारून उकिरड्यावर गेले. आवाराचं दार उघडंच होतं. सोडायचा नाही म्हणून सांगितलेला खटका मी सोडला नाही. उलट जितकी भीती वाटेल तितका जास्त दाबला, आणि मोटार तितकी जास्त पळाली! चाँदभाई पळत येऊन पायरीवर चढला आणि बाहेरूनच एका हातानं चाक फिरवायला लागला.

"भाभी, खटका छोडो! छोडो जी!"

पण त्यानंच सांगितलं होतं, सोडायचं नाही. मी सांगितलेलं ऐकणारी!

वेशीच्या उतारावर पाटलांचा बैल झूल-बाशिंगं घालून उभा होता. आमच्या मोटारीनं एक बार काढला आणि तो बैल पाटलांना घेऊन थेट वरच्या आळीला गेला. तोरणाची आंब्याची पानं माझ्या डोक्यावरून खसखसली, तेव्हा मला कळलं, आपण वेशीतून गेलो. सगळ्यांच्या पुढं! आपल्या पायांनी! मागून मामंजींचा आवाज आला, "आली रं आली, देशमुखाची आली!" म्हातारा माणूस अनवाणी पळत होता आणि फेटा सुटून मागं फरफटत होता.

चाँदभाईनं मारुतीच्या पारापुढं कशीबशी मोटार थांबवली. पंचांनी एकमेकांकडं पाहिलं. मान देशमुखांचा, यात वाद नव्हता. गुरवानं मोटारीला कुंकू लावलं, नारळ फोडला, आणि अडला. मानाच्या जनावराला गुरवानं आपल्या हातानं पुरणपोळी भरवायची रीत. त्यानं मोटारीला पुढून पाहिलं, मागून पाहिलं. तोंड काही सापडेना.

"कुनाला भरवू, मालक?"

थोरल्या पंचांनी विचार केला. "जिनं आनली तिला भरव. तिच्यामुळंच आली न्हवं ती?"

माझे दोन्ही हात अजून खटक्यावर चिकटलेले. गुरवानं तूप लावलेली अख्खी पोळी माझ्या तोंडात दिली. सगळा गाव बघत होता. मी मान खाली घालून मुकाट्यानं चघळली, आणि वर बैलासारखी मान डोलावली.

पोळ्याच्या दिवशी घरातल्या पुरुषमाणसांआधी जेवलेली आमच्या घराण्यातली मी पहिली सून, आणि त्यासाठी मला फक्त बैल व्हावं लागलं!