कच्चे टायर

माझे सासरे टायर पिकवतात, असं मी माहेरी जळगावला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा सगळे खो खो हसले. पण आमच्या चोपड्याच्या घरात त्याला दुसरा शब्दच नव्हता. केळी पिकवायचं चेंबर चालवण्यात सासऱ्यांची, म्हणजे आबांची, उभी हयात गेलेली. मी गो-कार्ट पळवायचं वेड लग्नात सोबत घेऊन आले. मातीच्या ट्रॅकसाठी टायर औषध लावून मऊ करावे लागतात हे कळल्यावर आबांनी ते काम माझ्या हातातून काढूनच घेतलं. टायरच्या आतून औषध फिरवायचं आणि केळीच्या घडावर घालतात त्या पिशवीत टायर गुंडाळून ठेवायचा. कडक टायर तो कच्चा, मऊ तो पिकलेला. आबा नुसता अंगठा दाबायचे आणि सांगायचे.

घरात माझ्या गाडीच्या बाजूने होते ते एकटे आबाच. सासूबाईंना ती डोळ्यांसमोर नको असायची आणि नवरा, वारा येईल तशी पाठ फिरवणारा. आबा 'चालू दे' म्हणत होते तोवर चालत होतं. त्यांनी एकदा 'पुरे' म्हटलं असतं, तर माझं हेल्मेट त्याच दिवशी माळ्यावर गेलं असतं. प्रत्येक शर्यतीला मला धास्ती असायची ती हीच. हरण्याची कधीच वाटली नाही.

आमचा सरावाचा ट्रॅक नदीकाठच्या भुसभुशीत मातीचा. तिथे टायर जितका मऊ तितका बरा. धुळ्याच्या शर्यतीचा ट्रॅक मात्र काळ्या मातीचा निघाला. पाणी मारून, रोलर फिरवून ती माती अशी बसवली होती की चप्पल ओढून काढावी लागत होती. इतक्या पकडीवर टायर कडकच हवा. मऊ टायर मातीला चिकटून बसतो, वळणावर गाडी जरासुद्धा घसरत नाही, आतल्या बाजूची चाकं उचलते आणि उलटते. म्हणून आदल्या दिवशी ट्रॅक बघितल्याबरोबर मी तिथूनच फोन केला.

"आबा, टायर कच्चे पाठवा."

"कच्चाच धाडस," आबा त्यांच्या अहिराणीत म्हणाले. कच्चेच धाडतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी नवरा टेम्पो घेऊन आला. वर ताडपत्री आणि आमच्याकडचा उन्हाळा. "निघताना दाबून बघितले, दगड होते," तो म्हणाला. माझ्या गटाचं नाव पुकारलं होतं. त्याने पिशव्या फाडून घाईघाईने चाकं बसवली, मी हेल्मेट चढवलं आणि निर्धास्त गाडीत बसले. आबांचा माल कोणी तपासतं का?

पहिल्याच वळणावर मी स्टिअरिंग फिरवलं आणि गाडी जमिनीत रोवल्यासारखी अडली. एक चाक माझ्या खांद्याच्या उंचीवर दिसलं. हे इथे काय करतंय, एवढाच प्रश्न डोक्यात आला. मग नाकातोंडात माती. दुखत काहीच नव्हतं, विश्वासच बसत नव्हता. नवरा धावत आला, त्याच्या एका पायात चप्पल नव्हती. मी मातीत पडल्या पडल्या त्याला विचारलं, "टायर कोणाचे बसवलेस?"

त्याने वर झालेल्या चाकाला अंगठा लावला. अंगठा रुतला. "सकाळी दगड होते गं," तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला.

खांद्याचं हाड मोडलं होतं. संध्याकाळी आबा आणि सासूबाई दवाखान्यात पोचले. रडारड, देवाचं नाव, सगळं झाल्यावर मी विचारलं, "आबा, मी कच्चे सांगितले होते ना?"

"कच्चाच धाडेल व्हतात," आबा म्हणाले. त्यांना माझा प्रश्नच कळला नव्हता. "दूरना माल शे तो. आठे कच्चा, तठे पक्का."

मी चाटच पडले. लांब जाणारी केळी अशीच निघते. गाडीत चढताना हिरवी, कडक आणि उतरेपर्यंत पिकून आलेली. 'कच्चे पाठवा' याचा केळीवाल्यांना दुसरा अर्थच नाही. आबांनी आतून औषध फिरवलं, पिशव्या घट्ट बांधल्या, वाटेतलं ऊन हिशेबात धरलं आणि माल बरोबर धुळ्याला पिकेल असा पाठवला. तो बरोबर पिकला. मी चूक शोधायला निघाले होते आणि इथे तर सगळं काम चोख झालेलं. मला रागही धड येईना.

"माझाच शब्द चुकला, आबा."

"शब्द तुना व्हता," ते म्हणाले, "हात मना व्हता."

सासूबाईंनी डोळे पुसले आणि सगळ्यावरच फुली मारली. "आते बठ्ठं बंद. ती गाडी दारात नको."

नवरा आबांकडे बघू लागला, मीही. इतकी वर्षं ज्याला भीत होते तो क्षण हाच, हे मला स्वच्छ कळलं.

"बंद," आबा म्हणाले. "पण गाडी नही. गाडी तू चालाड, पोरी. टायरले मी आते हात लावाव नही."

गाडी वाचली होती. मला आनंद व्हायला हवा होता. मी खांदा विसरून उठायला गेले, कळवळले आणि जोरात ओरडले, "मग मी कोणाच्या टायरवर बसू?" पोरीला चहा द्या, असं सासूबाईंना सांगून आबा बाहेर गेले.

आता टायर दुसरा माणूस करतो. मऊपणा मोजायचं यंत्र लावून तो मला आकडा सांगतो आणि आकडा बरोबरच असतो. आबा शर्यतीच्या दिवशी चेंबरवर असतात, विचारलं तर काम आहे म्हणतात. आणि मी, जी कधी कोणाला पुढे जाऊ द्यायची नाही, ती प्रत्येक वळणाआधी ॲक्सिलरेटरवरून पाय काढते, आणि मागच्या गाड्या माझ्या बाजूने निघून जातात.