उपाशी ठेवायचं काम

प्रयोगशाळेत तिला सगळे आत्याच म्हणत. खरं तर ती आत्या एकाचीच. भाऊ-वहिनी गेल्यावर त्या भाच्याला वाढवता वाढवता तिचं स्वतःचं लग्न राहूनच गेलं. पंख फुटले तसा तो दूरच्या शहरात उडाला. एकदाच भेटायला आला, प्रयोगशाळेच्या दारातून “आत्या” अशी हाक मारली, आणि ते नाव तिला चिकटलं. भाचा काही पुन्हा आला नाही.

मक्याची वाळकी धाटं कुटायची, आम्लाच्या पाण्यात शिजवायची, त्यातून निघालेलं गोड पाणी काचेच्या चंबूंत भरायचं, हे तिचं काम. त्यात प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम यीस्ट सोडत. डोळ्यांना न दिसणारे ते जीव साखर खाऊन अंगात तेल साठवत. अट एकच: साखर हवी तेवढी, पण वाढीचं पोषण सुरुवातीला थोडंसं देऊन बंद. वाढ खुंटली की मगच ते तेल धरतात.

आणि यंदा लागोपाठ तीन खेपा फसल्या. चंबू दुधासारखे दाट, पण तेल म्हणाल तर बोटाला लागेल इतकंही नाही. मॅडमनी पाणी तपासलं, साखर तपासली, शेवटी सोमवारी म्हणाल्या की यीस्टचा हा वाणच म्हातारा झाला. उद्या सगळं वाफेत घालून मारायचं, साठवणीतलंसुद्धा. नवा वाण बाहेरून मागवू.

खेपा का फसल्या ते आत्याला ठाऊक होतं. दुपारी सगळ्याजणी खाली जेवायला गेल्या की ती चंबूंसमोर एकटीच डबा उघडायची. समोर एवढी तोंडं असताना घास उतरायचा नाही. मग हात निर्जंतुक करून, ज्योतीपाशी, अगदी नियमानं, ती प्रत्येक चंबूत वाढीच्या द्रावणाचे दोन चमचे सोडायची. भाच्यानं ‘आता खाऊचे डबे पाठवू नकोस’ असं कळवलं, त्याच आठवड्यापासून.

सांगावं तर नोकरी जाणार, आणि आत्या म्हणणारं हे एकच ठिकाण. न सांगावं तर नऊ वर्षं जपलेले जीव वाफेत. मंगळवारी मॅडमनी ढकलगाडी वाफेच्या भांड्याशी नेली, तेव्हा ती आडवी उभी राहिली.

“मॅडम, त्यांचा दोष नाही. मी खाऊ घालत होते.”

“काय खाऊ?”

“वाढीचं पाणी. रोज दुपारी.”

मॅडमनी चष्मा काढला. “अहो आत्या, उपाशी ठेवल्याशिवाय तेल येत नाही, हे तुम्हीच नव्या पोरींना शिकवता ना?”

“शिकवते की. पण जेवताना बघवत नाही.”

मॅडमनी द्रावणाच्या कपाटाची किल्ली मागून घेतली, आणि त्याच वाणाची नवी खेप लावली. राखण आत्याकडेच. जिनं लाडावलं तिनंच आता राखायचं, म्हणाल्या.

पाच दिवस आत्या चंबूंसमोर हात मांडीखाली दाबून बसली. डबा बाहेर पायरीवर नेऊन खाल्ला. पाचव्या दिवशी मॅडमनी तिला सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. एकेक पेशी टम्म, आत तेलाचा चकचकीत थेंब. वाढ खुंटलेली, एकीलाही पिल्लाचा कोंब फुटलेला नव्हता.

“धरलं बघा,” मॅडम म्हणाल्या.

“हो, धरलं,” आत्या म्हणाली, आणि डोळा लावून बघतच राहिली.

सहाव्या दिवशीही तिनं डबा पायरीवरच उघडला. भाजी दोघांपुरती झाली होती, नेहमीसारखी.