घरी घोटून घ्या

गिरणीचा कागद जुन्नरात आला आणि आमच्या कागदी गल्लीचं दिवाळं वाजलं. कचेऱ्यांनी आमचा हातकागद घ्यायचं सोडलं, मंचरचे व्यापारीही त्या पांढऱ्याफेक कागदावर भाळले. आमच्या घरात तावांची थप्पी वाढत चालली. ती विकली जात नव्हती आणि माणसांना खाता येत नव्हती. दारची शेळी तेवढी ती खाऊन मजेत होती. पिढ्यान्‌पिढ्या आम्ही लोकांना लिहायला कागद पुरवला, पण त्यावरचं एक अक्षर घरात कुणाला लागत नव्हतं. तेल्याच्या घरी अंधार म्हणतात, तसला प्रकार.

अम्मीने मग हट्टाने मला शाळेत घातलं. अब्बांचं मत साधं होतं. पोराला शाळेच्या दारापर्यंत नेणं बापाचं काम, पुढचं मास्तरांचं.

मला पावकी, म्हणजे पावाचा पाढा, काही येईना. एक दिवस मास्तर आमच्या दाराशी आले.

"नुसतं शाळेत ढकलून भागत नाही. घरीही रोज घोटून घेत चला."

"एवढंच ना?" अब्बा खूश झाले. "मास्तर, घोटण्यात आख्ख्या गल्लीत माझा हात धरणारा कुनी न्हाई."

आमच्या धंद्यात घोटणं म्हणजे वाळलेला ताव फळीवर पसरून गुळगुळीत दगडाने घासायचा, शाई फुटू नये म्हणून. त्या संध्याकाळपासून अब्बांनी मला घोटायला बसवलं. माझे खांदे भरून आले. मला वाटलं, विद्या अशीच येत असेल, खांद्यातून.

आठवड्याने मास्तरांनी पावकी विचारली. मी पहिल्याच ओळीला अडखळलो.

"घरी घोटून घेत नाहीत का रे?"

"घेतात की. कालचा तर आरशासारखा झाला."

मास्तर तडक घरी आले. शनिवारपर्यंत पावकी आली नाही तर पटावरून नाव काढीन, म्हणाले. अब्बांनी त्यांच्यापुढे चकचकीत ताव ठेवले.

"तुमीच म्हनला घोटून घ्या. आन आता नाव काढता व्हय?"

मास्तरांनी एका तावावर बोट फिरवून पाहिलं. मग घोटणं म्हणजे पाठ करून घेणं, हे त्यांनी समजावून सांगितलं. शनिवार मात्र सोडला नाही.

ते गेल्यावर अब्बा अम्मीला म्हणाले, "मला काय कळतंय त्यातलं?"

"वाचता येत न्हाई, ऐकता तर येतंय ना?" अम्मी म्हणाली. "पोराचं नाव गेलं तर त्याच्या जागी तुमाला बसवीन."

त्या दिवसापासून अब्बा ताव घोटायचे आणि मी शेजारी बसून पावकी म्हणायचो. मी अडखळलो की त्यांचा हात थांबायचा.

"हितं खरखरीत लागतंय. परत."

कंटाळून एकदा मी पावकीच्या चालीवर मास्तरांच्या टकलाचं वर्णन म्हटलं. अब्बांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "गुळगुळीत हाय खरं," म्हणाले आणि माझा कान पिळला.

गल्लीतले शेजारी येता-जाता टोमणे मारायचे. "काय राव, पोराला मामलेदार करता काय?" अब्बा मान वर न करता म्हणायचे, "आदी पावकी व्हऊ द्या."

शनिवारी मी पावकी एका दमात म्हटली. नाव पटावर राहिलं. पुढे मी मॅट्रिक झालो आणि पुण्याच्या कॉलेजातून बी.ए. झालो, आमच्या गल्लीतला पहिला. माझ्या दोन्ही धाकट्या बहिणीही लिहायला-वाचायला शिकल्या. त्यांचा अभ्यास अब्बांनीच घेतला.